टक्केवारीतले पूर्वज

भाऊबीजेला अण्णाकडे जायचे, त्याला ओवाळायचे आणि वहिनींच्या अनारशांना नावे ठेवत ठेवत चार जास्त खायचे, हा माझा गेल्या चाळीस वर्षांचा शिरस्ता. गेल्या भाऊबीजेला मात्र पाटावर बसण्याआधीच अण्णाने माझ्यापुढे एक रंगीत कागद सरकवला. त्याचा थोरला मुलगा न्यू जर्सीला असतो. उन्हाळ्यात आला तेव्हा त्याने एक छोटी डबी बरोबर आणली होती. डबीतल्या नळीत अण्णा थुंकला, नळीला झाकण लागले, ती मुलाबरोबर अमेरिकेला गेली आणि दोन महिन्यांनी अण्णाचे पूर्वज टक्केवारीच्या रूपाने घरी परत आले. कागदावर एक वर्तुळ होते आणि त्याचे रंगीत तुकडे पाडलेले होते. सगळ्यांत मोठा तुकडा ‘उत्तर भारत व मध्य आशिया’ असा, त्याखालोखाल ‘दक्षिण भारत’, आणि एका कोपऱ्यात, चिमटीत मावेल एवढा, दोन टक्के फिनलंड.

“फिनलंड?” मी विचारले.

“म्हणजे आपल्या घरातले घारे डोळे उगाच नाहीत,” अण्णा म्हणाला. मग सईकडे न बघता, पण तिला नीट ऐकू जाईल अशा बेताने, “आणि हे मी म्हणत नाही हं. विज्ञान म्हणतंय.”

सई ही अण्णाची धाकटी मुलगी. चार महिन्यांपूर्वी तिने घरात सांगितले होते की, तिला विशालशी लग्न करायचे आहे. विशाल नांदेडचा. मुलगा चांगला आहे, हे अण्णाही मान्य करतो. त्याच्याशी क्रिकेटवर तासभर गप्पा मारतो. “मी जात मानत नाही, पण...” एवढेच त्याचे म्हणणे. त्या ‘पण’च्या पुढे काय येते, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. आजवर त्या ‘पण’ला आधार म्हणून कुलवृत्तांत होता, गोत्र होते, ‘आपली खाण्यापिण्याची पद्धत’ होती. आता हा कागद आला होता. हजारो वर्षे जपलेले काहीतरी या वर्तुळात आहे आणि सई ते एका फटक्यात उधळून लावणार आहे, असा त्याचा सूर.

मी एकतीस वर्षे महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवले. त्या दिवशी मी गप्प बसले, कारण ओवाळणीच्या ताटापुढे वाद घालू नये एवढे मलाही कळते. पण ते टक्के डोक्यातून जाईनात. घरी येऊन ते काढतात तरी कसे, हे वाचायला लागले, आणि वाचता वाचता लक्षात आले की या सगळ्याच्या मुळाशी जीवशास्त्र जेवढे आहे तेवढेच माझे संख्याशास्त्रही आहे. तेव्हा यावर दोन शब्द बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे.

आपल्या पेशीत जनुकीय मजकुराची सुमारे तीन अब्ज अक्षरे असतात. कुठलीही दोन माणसे घ्या, अगदी अण्णा आणि फिनलंडमधला एखादा लाकूडतोड्या, त्यांची हजारात नऊशे नव्व्याण्णव अक्षरे सारखीच निघतात. उरलेल्या एका अक्षरावर ही सारी इमारत उभी आहे. अमेरिकेतल्या त्या यंत्राने अण्णाच्या थुंकीतून अशी सहा-सात लाख बदलती अक्षरे वाचली. यांना जनुकीय खुणा म्हणू.

आता या खुणांवरून गाव कसे ओळखायचे? आपण बोलीवरून ओळखतो तसे. एसटीत शेजारी बसलेला माणूस ‘खंय’ म्हणाला की आपण त्याला मालवणकडे ढकलतो, ‘काहून’ म्हणाला की वऱ्हाडात, आणि ‘लई’ म्हणाला की कोल्हापूर-साताऱ्याच्या बाजूला. यात एकटा शब्द फसवा असतो. दहा वर्षे अकोल्यात काढलेला कोकणी माणूसही ‘काहून’ म्हणू लागतो. पण असे वीस-पंचवीस शब्द कानावर पडले की अंदाज सहसा चुकत नाही. ‘पाणी’, ‘आई’, ‘घर’ हे शब्द या कामाला निरुपयोगी, कारण ते सगळेच म्हणतात. जो शब्द एकीकडे घरोघरी आणि दुसरीकडे क्वचित, तोच खरा खबऱ्या.

वंशाच्या खुणा शोधणारे सॉफ्टवेअर पहिली पायरी म्हणून हेच करते. लाखो खुणांपैकी प्रत्येकीचे प्रमाण एका समाजात किती आणि दुसऱ्यात किती, ते मोजते आणि ज्यांच्यात तफावत मोठी त्या वर काढते. अशा खुणांचे ठळक उदाहरण म्हणजे रक्तातली ‘डफी’ नावाची खूण. तिचा एक प्रकार पश्चिम आफ्रिकेत जवळजवळ प्रत्येकात आढळतो, तर युरोपात जवळपास नाहीच. त्याचे कारण वंशाच्या थोरवीत नसून डासात आहे: हा प्रकार ज्याच्याकडे आहे त्याला व्हायवॅक्स जातीच्या मलेरियापासून संरक्षण मिळते. पण इतक्या स्वच्छ खुणा फार थोड्या. बहुतेक खुणा ‘इथे साठ टक्के, तिथे पंचेचाळीस’ अशा गुळमुळीत असतात. येल विद्यापीठातल्या केनेथ किड यांच्या प्रयोगशाळेने न्यायवैद्यक कामासाठी निवडून काढलेला अवघ्या ५५ खुणांचा संच २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावरून माणूस साधारण कोणत्या खंडाकडचा असावा हे बऱ्यापैकी सांगता येते. पुण्याचा की नांदेडचा, हे नाही.

घारे डोळे आणि गोरा रंग यांच्याबद्दलही इथेच सांगून टाकते. कातडीचा रंग उजळ करणारे एसएलसी२४ए५ नावाचे एक जनुक आहे. त्याचा पत्ता २००५मध्ये झेब्रा माशाच्या फिकट सोनेरी जातीवरून लागला. त्याचा उजळ करणारा प्रकार युरोपात जवळजवळ सर्वांकडे आहे, आणि भारतातही तो उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत कमी-अधिक प्रमाणात, निरनिराळ्या जाती-जमातींत पसरलेला आहे. तो कुणा एकाच्या घरची ठेव नाही.

दुसरी पायरी अधिक गमतीची, आणि अण्णाचे वर्तुळ तिच्यातून आले आहे. जोनाथन प्रिचर्ड, मॅथ्यू स्टीफन्स आणि पीटर डोनेली या तिघांनी २०००मध्ये ‘स्ट्रक्चर’ नावाचे सॉफ्टवेअर प्रसिद्ध केले. २००९मध्ये डेव्हिड अलेक्झांडर, जॉन नोव्हेंबर आणि केनेथ लँग यांनी त्याच धाटणीचे, पण कितीतरी वेगाने चालणारे ‘अ‍ॅडमिक्श्चर’ केले. आज जगभरच्या प्रयोगशाळांत ही दोन नावे आपल्याकडच्या कुकर-मिक्सरइतकी घरगुती झाली आहेत. या यंत्राला माणसांच्या खुणा द्यायच्या आणि एक आकडा द्यायचा: पूर्वजांचे गट किती धरू? तीन म्हटले तर ते तीन गट कल्पून प्रत्येक माणसात कुठल्या गटाचा किती हिस्सा ते सांगते. चार म्हटले तर चार. माझ्या वर्गातल्या साठ मुलांच्या उंचीचे तीन गट करा म्हटले तर कोणताही विद्यार्थी ते करील, आणि सात करा म्हटले तर सातही करील. म्हणून त्या वर्गात सात जातींची मुले होती असे कोणी म्हणणार नाही. ‘तुमचा प्रश्नच चुकला’ असे म्हणायची सोय या यंत्रात नाही. कोणता आकडा जरा बरा बसतो याचा कौल ते देते, पण तेवढे पूर्वज खरोखर होऊन गेले असा त्याचा दाखला नव्हे.

२००२मध्ये नोआ रोझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी जगातल्या ५२ समाजांतल्या १,०५६ माणसांच्या ३७७ खुणा ‘स्ट्रक्चर’मध्ये घातल्या. पाच गट मागितले तेव्हा ढोबळमानाने पाच भूभाग उमटले, आणि वर्तमानपत्रांनी ‘वंश सापडले’ म्हणून आरोळी ठोकली. सहावा गट मागितला तेव्हा काय उमटले? पाकिस्तानच्या चित्रळ भागातल्या डोंगरात राहणारे मूठभर कलाश लोक! एकीकडे आफ्रिका, युरेशिया, अमेरिका, आणि त्यांच्या पंक्तीला तीन खोऱ्यांतले काही हजार कलाश. लहान समाज पिढ्यान्‌पिढ्या आपापसातच लग्ने करीत राहिला की त्याच्या खुणा इतरांपासून बाजूला सरकतात आणि यंत्राला तो वेगळा पूर्वजच वाटू लागतो. हे वाचताना मला अण्णाचा कुलवृत्तांत आठवला. त्याच निबंधात आणखी एक आकडा होता, त्याची आरोळी मात्र कोणी ठोकली नाही: माणसामाणसांतल्या जनुकीय फरकांपैकी ९३ ते ९५ टक्के फरक एकाच समाजातल्या माणसांमध्येच असतो. मोठ्या भूभागांमधला फरक अवघा ३ ते ५ टक्के.

या यंत्राच्या रंगीत पट्ट्यांना भुलू नका, असे सांगणारा निबंधच डॅनियल लॉसन, लूसी व्हॅन डॉर्प आणि डॅनियल फालुश यांनी २०१८मध्ये लिहिला. यांतले फालुश ‘स्ट्रक्चर’ पुढे वाढवणाऱ्यांपैकीच एक. त्यांनी संगणकावर तीन निरनिराळे इतिहास रचले. एकात दोन समाजांची खरोखर सरमिसळ झालेली, दुसऱ्यात ज्यांचे नमुनेच हाती नाहीत अशा तिसऱ्याच लोकांची भेसळ, आणि तिसऱ्यात सरमिसळ मुळीच नाही, फक्त एका समाजाची संख्या मध्येच फार घटलेली. तिन्हींचे पट्ट्यांचे चित्र जवळपास एकसारखे आले. घरच्याच माणसाने चुलीवरच्या भांड्याला हात लावू नका म्हणावे, त्यातला हा प्रकार.

मग फिनलंडचे काय? त्याचे उत्तर आमच्याच घरात मिळाले. संक्रांतीला अण्णाचा फोन आला, आवाज जरा उतरलेला. कंपनीने आपली पद्धत सुधारली म्हणून नवे वर्तुळ आले होते. त्यात फिनलंड नव्हते. ‘उत्तर भारत’ आक्रसला होता, ‘दक्षिण भारत’ चांगला नऊ टक्क्यांनी फुगला होता. थुंकी तीच, माणूस तोच, पूर्वज मात्र चार महिन्यांत बदलले.

पुन्हा बोलीकडेच जाऊ. समजा, बोलीवरून गाव ओळखायचे एक यंत्र तुम्ही बनवले आणि त्याला नागपूर, कोल्हापूर आणि मालवण या तीनच ठिकाणची माणसे ऐकवली. आता त्याच्यापुढे जळगावचा माणूस अहिराणीत बोलला तर ते काय करील? ‘माहीत नाही’ म्हणणार नाही. चाळीस टक्के नागपूर, पस्तीस टक्के कोल्हापूर आणि उरलेला मालवण, असे ठणकावून सांगेल. जळगाव त्याच्या यादीतच नाही. वंशाची टक्केवारी म्हणजे अशीच यादीतल्या लोकांशी केलेली तुलना असते. आणि त्या यादीत आपण कितपत आहोत? रोझेनबर्ग यांनी वापरलेल्या नमुन्यांत दक्षिण आशियातले म्हणून जे होते ते सगळे पाकिस्तानातले. २०१५मध्ये पुऱ्या झालेल्या ‘हजार जीनोम’ प्रकल्पात २६ समाजांतली २,५०४ माणसे होती. त्यात गुजराती घेतले ते ह्यूस्टनचे, तेलुगू ब्रिटनमधले, पंजाबी लाहोरचे, बंगाली बांगलादेशातले. भारताच्या भूमीवर एकही नमुना घेतलेला नव्हता, आणि मराठी माणूस यादीत कुठेच नव्हता. खासगी कंपन्यांच्या याद्या याहून मोठ्या असतात, पण त्या भरतात त्यांच्या गिऱ्हाइकांवरून, आणि परदेशी डबी विकत घेणारे गिऱ्हाईक म्हणजे काही सबंध भारत नव्हे. दहा हजार भारतीयांच्या जनुकांचा आपला ‘जीनोम इंडिया’ प्रकल्प २०२०मध्ये सुरू झाला आणि त्याची माहिती संशोधकांना खुली झाल्याचे जानेवारी २०२५मध्ये जाहीर झाले. उशिरा का होईना, जळगाव यादीत येते आहे.

माणसाला मोजून त्याचा वंश ठरवायची हौस संगणकाच्या आधीपासूनची आहे, आणि या हौसेला उत्तर देणारी एक मराठी बाई होऊन गेली. इरावती कर्वे आपल्याला ‘युगान्त’मुळे माहीत. पण त्याच्या चाळीस वर्षे आधी तरुण इरावतीबाई बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली डॉक्टरेट करत होत्या. गोऱ्या युरोपियांची कवटी उजव्या-डाव्या बाजूंनी असमान असते आणि त्यात त्यांच्या बुद्धीचे श्रेष्ठत्व दडले आहे, हे फिशर यांचे गृहीत. तेच सिद्ध करण्याचे काम या विद्यार्थिनीकडे होते. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहिले की, वंशाचा आणि असमानतेचा काहीही संबंध दिसत नाही. हे बर्लिनमध्ये, १९३०च्या सुमारास, गुरूच्या तोंडावर. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या महाराष्ट्रातल्या जातींची मापे घेत हिंडल्या. १९६८मध्ये कैलाश मल्होत्रा यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींची जीवशास्त्रीय तुलना प्रसिद्ध केली. एकाच नावाखाली, एकाच पायरीवर बसणारे हे आठ गट एका मूळ गटाचे तुकडे वाटू नयेत इतके परस्परांहून निराळे निघाले. म्हणजे ‘आपण’ असे अण्णा ज्या ऐटीत म्हणतो, ते ‘आपण’ मोजमापात एक नव्हतेच.

मोजपट्टी जाऊन खुणा आल्या, तरी उत्तर फारसे बदलले नाही. हैदराबादच्या ‘सीसीएमबी’ या संस्थेचे लालजी सिंग आणि कुमारसामी थंगराज यांनी हार्वर्डच्या डेव्हिड राइक यांच्या गटाबरोबर २००९मध्ये भारतातल्या २५ समाजांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सोयीसाठी त्यांनी ‘उत्तरेकडचे पूर्वज’ आणि ‘दक्षिणेकडचे पूर्वज’ असे दोन गट कल्पिले. बहुतेक समाजांत उत्तरेकडच्यांचा हिस्सा ३९ ते ७१ टक्के निघाला. त्यांत शून्य कुणाचा नाही आणि शंभरही कुणाचा नाही. २०१३मध्ये प्रिया मूरजानी आणि सहकाऱ्यांनी पुढचा प्रश्न विचारला: ही सरमिसळ झाली कधी? त्याचे उत्तर काढायची रीत मला फार आवडली. आई आणि बाप वेगळ्या समाजांतले असले की मुलात दोघांची गुणसूत्रे अखंड येतात. पुढच्या प्रत्येक पिढीत ती पत्त्यांसारखी पिसली जातात आणि अखंड तुकडे लहान लहान होत जातात. आजच्या माणसातल्या तुकड्यांची लांबी मोजली की किती वेळा पिसले ते कळते. उत्तर आले, सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी. त्या काळात भिल्लांपासून ब्राह्मणांपर्यंत जवळजवळ सगळ्यांमध्ये ही मिसळण झाली आणि नंतर हळूहळू दारे बंद झाली. अण्णा ज्याला हजारो वर्षे जपलेले म्हणतो, ते दार लावून घेतल्यानंतरचे आहे. आत जे होते ते आधीच मिसळलेले होते.

याचा अर्थ ही यंत्रे कुचकामाची असा काढू नये. प्रश्न नेमका असला तर उत्तरही नेमके येते. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले, असे आपले बेने इस्रायल सांगत आले. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी काम बंद ठेवले म्हणून ‘शनिवार तेली’ नाव मिळवले, आणि आज इस्रायलमध्ये राहूनही त्यांच्यातले अनेक जण घरात मराठी बोलतात. ‘तुम्ही खरे ज्यू कशावरून?’ हा प्रश्न इस्रायलमध्ये त्यांना फार बोचला होता. २०१६मध्ये येदाएल वाल्डमन आणि सहकाऱ्यांनी अशा अनेक सॉफ्टवेअरच्या मदतीने त्यांच्या खुणा तपासल्या तेव्हा मध्यपूर्वेतल्या ज्यूंशी असलेले नातेही स्पष्ट दिसले आणि भारतीय नातेही. मिसळण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीची निघाली. कोणी त्यांना प्रमाणपत्र द्यावे याची त्यांना गरज होती असे मला वाटत नाही. पण लोकांच्या तोंडी जपलेली आठवण अगदीच हवेतली नव्हती, एवढे खरे.

त्याहून मोठा उपयोग दवाखान्यात आहे, आणि तो आपल्या पानभर वर्तुळात कुठेच नसतो. २०१७मध्ये दक्षिण आशियातल्या २६३ समाजांच्या अभ्यासात दिसले की, त्यांतले ८१ समाज मूठभर पूर्वजांपासून वाढलेले आणि इतके आतल्या आत विवाह करणारे आहेत की त्या बाबतीत त्यांनी फिनलंडच्या लोकांनाही मागे टाकले. (शेवटी फिनलंड आले ते असे.) अशा समाजात एखादा दोष लपून पिढ्यान्‌पिढ्या चालत राहतो आणि दोन्हीकडून आला की मुलात प्रकटतो. आंध्रातल्या वैश्य समाजात भूल देताना वापरायच्या सक्सिनिलकोलीन या औषधाने स्नायू दीर्घकाळ लुळे राहण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त आहे. तिथले भूलतज्ज्ञ रुग्णाचे आडनाव ऐकूनच सावध होतात. आपल्याकडे सिंधी आणि लोहाणा समाजात थॅलेसेमियाचे, तर नंदुरबार आणि गडचिरोलीच्या आदिवासी भागांत सिकलसेलचे वाहक बरेच आढळतात. आईबाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. यासाठी न्यू जर्सीला थुंकी पाठवावी लागत नाही. जवळच्या प्रयोगशाळेत साधी रक्ततपासणी होते. सई आणि विशालने ती करून घेतली, पत्रिका जुळवण्याऐवजी. दोघांचेही अहवाल निर्मळ आले.

म्हणून ‘बघ, विज्ञानच सांगतंय जातीबाहेर लग्न कर’ असे मी अण्णाला म्हणाले नाही. म्हणण्याचा मोह झाला होता. पण मग अण्णाने जे केले तेच मी उलट्या बाजूने केले असते. सईने विशाल निवडला तो त्याच्या गुणसूत्रांकडे बघून नव्हे.

एका बाबतीत मात्र मी अण्णाला चांगले फैलावर घेतले. त्याच्या थुंकीत निम्मी सई आहे आणि सरासरीने निम्मी मीही. आम्हाला कोणी विचारले होते? कॅलिफोर्नियातला जुना खुनी २०१८मध्ये पकडला गेला तो त्याने नव्हे, तर त्याच्या दूरच्या नातलगांनी उघड ठेवलेल्या जनुकीय माहितीवरून. तो पकडला गेला हे बरेच झाले. पण ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या प्रसिद्ध कंपनीतून सुमारे ६९ लाख गिऱ्हाइकांची माहिती चोरांच्या हाती लागल्याचे २०२३मध्ये उघड झाले आणि मार्च २०२५मध्ये तीच कंपनी दिवाळखोरीच्या अर्जासह न्यायालयात उभी राहिली. भांडी-कुंडी लिलावात निघतात, तसे आपले पूर्वज निघतील की काय, अशी धास्ती लाखो लोकांना वाटली. बँकेचा खाते क्रमांक बदलता येतो, हा बदलता येत नाही.

“म्हणजे यातलं काहीच खरं नाही का?” अण्णाने मला विचारले. हे मार्चमधले, त्याच्या गॅलरीत. आवाजात भांडण नव्हते, जरा हिरमोड होता. मी म्हटले, एक गोष्ट बरीच खरी आहे. त्याच्या कागदाच्या मागच्या बाजूला दोन ओळी होत्या, त्या त्याने वाचल्याच नव्हत्या. एक पित्याच्या वंशरेषेची, दुसरी मातेच्या. ‘वाय’ गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जसेच्या तसे जाते. मायटोकाँड्रियातला मजकूर आईकडून मुलांना मिळतो आणि पुढे फक्त मुलीच तो चालवतात. इथे टक्केवारी नसते. बदललेल्या अक्षरांवरून सॉफ्टवेअर झाडाची फांदी शोधते, आणि फांदी सहसा चुकत नाही. अण्णाच्या मातृरेषेपुढे ‘एम’ लिहिले होते. भारतातल्या निम्म्याहून अधिक लोकांची हीच फांदी, हजारो-हजारो वर्षे इथल्याच मातीतली. विशालची आणि त्याची ती एकच निघायची शक्यताही चांगलीच आहे.

अण्णा उठून आत गेला आणि कुलवृत्तांत घेऊन आला. बापाची रेषा त्यात चौदा पिढ्या छापलेली आहे, गावे, इनामे, कोण पेशव्यांच्या पदरी होता ते सगळे. आईची रेषा शोधायला लागलो तर आमच्या आईच्या नावापुढे कंसात माहेरचे आडनाव, आणि तिथेच खुंटले. आजीचे नाव तिच्या माहेरच्या कुलवृत्तांतात ‘कन्या’ एवढेच. देवरुखला आमची मावशी असते, ब्याण्णव वर्षांची. अण्णाने तिला तेव्हाच फोन लावला, मोठ्या आवाजावर ठेवला. आईची आई गंगू, हे आम्हालाही ठाऊक होते. गंगूची आई? मावशी म्हणाली, “सरस्वती, सासरचं नाव. माहेरचं चिमणी.” आणि चिमणीची आई?

पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. अण्णा कागद उलटा करून पेन धरून बसला होता.

“तिला सगळे बायाच म्हणायचे रे,” मावशी म्हणाली. “नाव असेल काहीतरी.”